वडिलांचा वस्तरा

(श्री संत सेना महाराज यांच्या पुण्यतिथी-उत्सवात मंडळाच्या सभासद-कुटुंबांसमोर केलेले भाषण)



आजच्या पुण्यदिनी मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी एक साधा प्राथमिक शिक्षक. १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो, दोन वर्षे अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पुढील चाळीस वर्षे खेड्यापाड्यांतील मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविली. विद्वत्तेचे भाषण करण्याचा माझा अधिकार नव्हे. परंतु आपले चिटणीस मोठे चतुर. ते म्हणाले, "गुरुजी, जन्मभर जे शिकविलेत त्याविषयी बोलू नका. सेवानिवृत्त झाल्यावर जे शिकलात, त्याविषयी बोला." यावर मी निरुत्तर झालो. कारण सेवानिवृत्तीनंतर मी एकच गोष्ट मनापासून शिकलो आहे, आणि ती म्हणजे वस्तऱ्याला धार लावणे.

आपल्यापैकी काहींना याचे हसू येईल. न्हाव्याच्या पोटी जन्म घेऊन हा गृहस्थ साठी उलटल्यावर वस्तऱ्याला धार लावावयास शिकतो, यात काय ते कौतुक! तर काहींच्या मनात याहून तीव्र विचार येईल, की ज्या धोकटीतून आपली मुले मोठ्या कष्टाने बाहेर पडली, ती धोकटी पुन्हा कशाला उघडावयाची? माझ्या स्वतःच्या मुलाने मला हाच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. तोपर्यंत आपण माझ्या दगडापाशी थोडा वेळ बसावे, एवढीच विनंती.

माझे वडील आमच्या कृष्णाकाठच्या गावी बलुत्यावर काम करीत. घरोघर जाऊन श्मश्रू करावयाची आणि सुगीला धान्य आणावयाचे. पुढे त्यांनी गावच्या पाराशेजारी एक लहानसे दुकान थाटले. त्यांच्या धोकटीत दोन वस्तरे, कात्री, चिमटा, नराणी, पितळेची वाटी, आरसा, चामोटी आणि कापडात गुंडाळलेला एक निळसर दगड असे. कात्रीला आणि आरशाला आम्हां मुलांनी हात लावलेला चाले. वस्तऱ्याला आणि दगडाला मात्र नाही. मी मोठा झालो तरी हा निर्बंध सुटला नाही. त्यांचे म्हणणे एकच : "तू लेखणी धर."

मी लेखणी धरली. आणि येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सहशिक्षकाने मला विचारले, "वडील काय करतात?" मी उत्तरलो, "शेती." आमचे अर्धा एकर रान होते, तेव्हा उत्तर शब्दशः खोटे नव्हते. परंतु ते खरेही नव्हते, हे विचारणारा जाणत नसला तरी मी जाणत होतो. "न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केसच निघतात" ही म्हण शाळेत असताना माझ्या वाट्याला पुष्कळदा आली होती. ती पुन्हा ऐकावयाची नव्हती, म्हणून मी वडिलांचा व्यवसाय त्या अर्ध्या एकरात पुरून टाकला. वडिलांना हे कधी कळले नाही, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो.

असो. वडील १९९४ साली निवर्तले. धोकटी माळ्यावर गेली. २०१६ साली मी सेवानिवृत्त होऊन गावी राहावयास आलो आणि माळा साफ करताना ती खाली उतरली. चामोटी वाळून तडकली होती. एक वस्तरा गंजाने पार खाल्ला होता. दुसरा, जर्मनीतील झोलिंगेन शहराचे नाव पात्याच्या शेपटीवर कोरलेला, वरवर तांबारलेला असला तरी आतून शाबूत होता. त्याच्या धारेला टोकापासून अर्ध्या इंचावर तांदळाच्या कणीएवढी एक खाच होती. तो वस्तरा हातात घेतला आणि मनात आले की याने एकदा तरी आपली दाढी करावी.

मी शिक्षक. शिक्षकाला वाटते की पुस्तकात वाचले म्हणजे आले. मी बाजारातून एक खरखरीत दगड आणला, वस्तरा विळ्यासारखा तिरपा धरला आणि जोर लावून घासू लागलो. तासाभराने धार चकाकू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर बसलो. पहिल्याच ओढीला वस्तऱ्याने केस कापण्याऐवजी उपटले, दुसऱ्या ओढीला हनुवटीवर रक्त आले. सौभाग्यवती तुरटीचा खडा हातात देत म्हणाल्या, "चाळीस वर्षं मुलांना शिकवलंत. आता स्वतः शिकायला बसा." हा उपदेश मी शिरसावंद्य मानला आणि वस्तरा कापडात गुंडाळून माझ्या चुलत्यांकडे गेलो.

आमचे तात्या त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. दृष्टी मंदावली होती, पण बोटे शहाणी होती. त्यांनी वस्तरा घेतला, अंगठ्याची कातडी धारेवर आडवी अगदी हळूच टेकविली आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो वस्तरा हाय का ईळा? दगड काय तुझा दुश्मन हाय व्हय? इतकं दाबलंस कशापायी?" तेथून माझे खरे शिक्षण सुरू झाले. ते मी आपणांपुढे क्रमाने ठेवतो, म्हणजे कोणाला शिकावयाचे असल्यास माझ्या चुका तरी त्याने करू नयेत.

पहिला पाठ वस्तऱ्याच्या घडणीचा. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि पाते दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेले असते. ही पाठ नुसती बळकटीसाठी आहे असे मी समजत होतो. वास्तविक ती मोजपट्टी आहे. वस्तरा दगडावर सपाट ठेवला म्हणजे पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, आणि त्यामुळे धारेचा कोन आपोआप ठरतो. पाठीची जाडी पात्याच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक असते. त्यावरून हा कोन साधारण १५ ते १८ अंशांचा येतो. सुरी किंवा विळा यांना धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याच्या बाबतीत तो घडविणाऱ्या कारागिरानेच सांभाळून ठेवलेला असतो. आपण फक्त पाठ दगडावरून उचलावयाची नाही. मी पाठ उचलली होती, म्हणून धार गोल झाली. ती चकाकत होती खरी, परंतु चकाकी आणि धार या दोन भिन्न गोष्टी होत.

दुसरा पाठ दगडाचा. दगड सपाट नसेल तर सर्व श्रम वाया जातात. तात्यांनी मला काचेच्या जाड तुकड्यावर वॉटर पेपर पसरावयास सांगितला. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा ओढावयाच्या, पाणी टाकून दगड त्या कागदावर घासावयाचा, आणि सर्व रेघा सारख्या पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला असे समजावयाचे. मध्यभागी रेघा उरल्या तर तेथे खळगा आहे. ही युक्ती इतकी सोपी आहे की चौथीतला मुलगाही ती करील.

दगड किती प्रकारचे, याविषयीही थोडे सांगतो. पूर्वीचे कारागीर निसर्गात मिळणारे दगड वापरीत. बेल्जममध्ये आर्देन्नच्या डोंगराळ प्रदेशात पिवळसर रंगाचा एक प्रसिद्ध दगड निघतो. त्यात गार्नेट या खनिजाचे अतिसूक्ष्म कण असतात व तेच पोलाद झिजवितात. जर्मनीतील थुरिंगियाचे दगडही असेच नावाजलेले. आज जपानी पद्धतीने बनविलेले दगड मिळतात व त्यांवर कणांच्या बारकाव्याचा अंक असतो. अंक जितका मोठा, तितका दगड बारीक. नवशिक्याने १००० अंकाच्या दगडावर धारेचे दोन उतार एकमेकांस मिळवावेत, ४००० व ८००० अंकांच्या दगडांवर ती धार गुळगुळीत करावी, आणि १२००० अंकाच्या दगडावर शेवटचा हात द्यावा. वडिलांचा निळसर दगड या शेवटच्या कामाचा निघाला. त्यावर पाणीच वापरावयाचे. ज्या दगडाला एकदा तेल पाजले त्याला तेलच वापरावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा पाठ हाताचा. दगडावर वस्तरा धार पुढे करून न्यावयाचा, जणू दगडाचा पातळ पापुद्रा कापून काढावयाचा आहे. टोकाला पोहोचल्यावर वस्तरा उलटा करावयाचा, परंतु तो पाठीवरून. धारेवरून कधीही नव्हे. मग धार पुढे करूनच परत यावयाचे. वस्तऱ्याचे पाते दगडाच्या रुंदीहून बहुधा लांब असते, म्हणून हात सरळ न नेता किंचित तिरपा न्यावा, म्हणजे टाचेपासून टोकापर्यंत सर्व धार दगडावरून जाते. जाण्याचा व येण्याचा मार्ग मिळून गुणाकाराच्या चिन्हासारखी फुली तयार होते. दाब किती द्यावयाचा? पहिल्या दगडावर थोडासा, आणि पुढे पुढे नुसते वस्तऱ्याचे वजन. तात्या माझ्या मनगटावर दोन बोटे ठेवून बसत, आणि माझा हात जड झाला की लगेच म्हणत, "पुन्हा ईळा."

येथे एक आधुनिक युक्ती सांगतो. शाळेत फळ्यासाठी वा तक्त्यासाठी वापरतात त्या जाड शाईच्या पेनाने धारेच्या दोन्ही उतारांवर शाई लावावी आणि दगडावर दोन-चार हात फिरवावेत. जेथील शाई गेली, तेथे दगड पोहोचला. जेथील राहिली, तेथे पोहोचला नाही. तात्यांना ही युक्ती दाखविली तेव्हा ते म्हणाले, "डोळं असत्यात त्येंनी शाई लावावी. आमी कानांनी बघतो." आणि खरोखरच, वस्तरा सर्वत्र सारखा टेकला म्हणजे दगडावरचा आवाज एकसुरी येतो आणि धार मऊ पडलेल्या जागी तो बदलतो. सहा महिन्यांनी मलाही तो थोडाबहुत ऐकू येऊ लागला.

चौथा पाठ धीराचा, आणि नवशिके सर्वांत अधिक येथेच फसतात. पहिल्या दगडावरचे काम अपुरे असताना पुढच्या दगडाकडे जाऊ नये. १००० अंकाच्या दगडावरून निघालेला वस्तरा टाचेपासून टोकापर्यंत सर्व ठिकाणी हातावरची लव कातडीलगत कापू शकला पाहिजे. एखाद्या ठिकाणी तो अडला, तर पुढचे बारीक दगड ते ठिकाण सुधारू शकत नाहीत. ते फक्त त्याला चकाकी देतात. मला येथे शाळेची आठवण झाली. पाढे कच्चे असलेल्या मुलाला भागाकार शिकविला म्हणजे जे होते तेच हे.

पाचवा पाठ चामोटीचा. दगडावर धार पुढे, तर चामोटीवर पाठ पुढे, असा उलटा नियम आहे. चामोटी ताणून धरावी. ती सैल राहिली तर तिच्या झोळात धार गोल होते. प्रथम जाड कापडावर वीसएक व नंतर चामड्यावर चाळीस-पन्नास हात, तेही दाबाविना, प्रत्येक दाढीपूर्वी. चामोटीने पोलाद फारसे झिजत नाही. वाकलेली सूक्ष्म कड सरळ होते व धारेला शेवटचा गुळगुळीतपणा येतो. नुसत्या चामोटीने भागेनासे झाले, म्हणजे काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, बारीक दगडावर पुन्हा थोडे हात द्यावेत. दाढीनंतर वस्तरा धुऊन, पूर्ण कोरडा करून, तेलाचा पुसट हात देऊन ठेवावा. पावसाळ्यात तर हे व्रतच समजावे.

धार किती सूक्ष्म असते याची कल्पना येण्यासाठी सांगतो. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेची कड एका मायक्रॉनहूनही पातळ असते. एवढी पातळ कड पोलादाची असली तरी नाजूकच. २०२० साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले, की पोलादाहून सुमारे पन्नास पटींनी मऊ असलेला केससुद्धा वाकलेल्या स्थितीत धारेवर विशिष्ट कोनात आला म्हणजे तिचा सूक्ष्म टवका काढू शकतो. दाढी अगोदर गरम पाण्याने चांगली भिजवावी, हा आपल्या वाडवडिलांचा नियम किती शहाणपणाचा होता पाहा. भिजलेला केस मऊ पडतो आणि धारेवरचा भार हलका होतो.

या हत्याराचा इतिहासही मोठा आहे. इंग्लंडातील शेफील्ड येथे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत वितळविलेले एकजीव पोलाद तयार केले आणि तेथील वस्तरे नावारूपास आले. परंतु त्याच्या कितीतरी शतके आधी दक्षिण भारतात मुशीतील पोलाद होत असे, ज्याला युरोपात वुट्झ म्हणत. १८२० च्या सुमारास मायकेल फॅरेडे यांनी जेम्स स्टोडार्ट या हत्यारे बनविणाऱ्या कारागिराबरोबर याच भारतीय पोलादाचा अभ्यास केला. विजेच्या शोधांमुळे फॅरेडे यांचे नाव आपण मुलांना शिकवितो. ते एका लोहाराचे पुत्र होते आणि शालेय शिक्षण त्यांना अल्पच लाभले होते. मी वर्गात फॅरेडे यांचा धडा अनेकदा शिकविला आणि "लोहाराचा मुलगा" हे शब्द मोठ्या अभिमानाने उच्चारले. आपल्या वडिलांचा व्यवसाय सांगताना मात्र माझी जीभ अडखळली. या विसंगतीकडे माझे लक्ष जावयास साठ वर्षे लागली.

१९०४ साली अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांना बदलत्या पात्याच्या वस्तऱ्याचे पेटंट मिळाले आणि धार लावण्याची विद्या हळूहळू घरांतून गेली. आपल्या दुकानांत ती पुष्कळ टिकली. परंतु १९८६ साली भारतात एड्सच्या विषाणूची बाधा झालेले रुग्ण प्रथम आढळले, आणि त्यापुढील काळात दुकानांतूनही प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावण्याची रीत रूढ झाली. हे योग्यच झाले. येथे दुकान चालविणारे बंधू बसले आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो : मी वर्णन केलेला वस्तरा केवळ स्वतःच्या चेहऱ्यासाठी आहे. एकाचा वस्तरा दुसऱ्याला लावू नये. रक्तातून पसरणारी कावीळ आणि एड्स यांचा धोका खरा आहे, आणि जुन्या विद्येच्या प्रेमापोटी कोणी गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळू नये.

आता त्या खाचेची गोष्ट सांगतो, कारण तिच्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे.

धारेतील खाच काढावयाची म्हणजे खाचेपुरते घासून चालत नाही. सबंध धार, टाचेपासून टोकापर्यंत, त्या खाचेच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. मी रोज संध्याकाळी दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत बसत असे. अकरा दिवस लागले. नवव्या दिवशी तात्यांना सहज म्हणालो, "तात्या, अण्णांनी ही खाच तशीच कशी ठेवली? ते तर असला वस्तरा धोकटीत ठेवणारे नव्हते."

तात्या म्हणाले, "ही त्येच्या शेवटच्या आजारातली. हात कापत व्हता तवा वस्तरा फरशीवर पडला. पर मास्तर, ह्या वस्तऱ्याची ही पैलीच खाच न्हवं. पैली कुणी पाडली, ठाव हाय न्हवं?"

ठाऊक होते. मी चौथीत होतो. परीक्षेचा दिवस होता, पेन्सिलीचे टोक मोडलेले आणि घरात चाकू सापडेना. मी धोकटी उघडली आणि वडिलांच्या वस्तऱ्याने पेन्सिल तासली. धारेचा टवका उडालेला पाहून घाबरलो, वस्तरा मिटून पुन्हा आत ठेवला आणि शाळेत पळालो. संध्याकाळी घरी आलो तो मार बसणार या तयारीने. वडील अंगणात दगड घेऊन बसले होते. त्यांनी वर पाहिले आणि एवढेच विचारले, "पेन्सिल झाली का नीट?" मी मान हलविली. ते पुन्हा दगडाकडे वळले. त्यानंतर कित्येक पहाटे मी अंथरुणात पडल्या पडल्या तो घासण्याचा आवाज ऐकला. पण तो कशाचा, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मुलाला वाटते, वडील बसले आहेत, काहीतरी करीत आहेत.

तात्या पुढे म्हणाले, "त्येचा दुसरा वस्तरा त्या वक्ताला मुठीला देल्याला. माझ्याकडं आला, म्हनला, 'आठ रोज तुझा वस्तरा दे.' मी म्हनलं, काय झालं? तर म्हनला, 'पोराला पेपराची घाई व्हती.' एवढंच. माझ्याकडं एकच चांगला वस्तरा. तो सकाळी त्यो न्यायचा आन् दुपारी मी वापरायचो. तुला न्हाई सांगितलं?"

मला सांगितले नव्हते. अकरा संध्याकाळी माझ्या बोटांना ज्या गाठी पडल्या, तेवढ्याच गाठी त्यांच्या बोटांना माझ्या पेन्सिलीपायी पडल्या होत्या. आणि मी सेवानिवृत्त होऊन, निवांत बसून, पोट भरलेले असताना ते काम केले, तर त्यांनी ते दिवसभर घरोघर हिंडण्यापूर्वी, अंधारात केले. हा हिशेब मला कोणत्याही पुस्तकाने शिकविला नसता. दगडावर बसल्याशिवाय तो कळणारा नव्हता.

मग मी तात्यांना ती "शेती"ची गोष्टही सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "त्येला ठाव व्हतं. तुझ्या शाळंतला एक मास्तर बाजारच्या दिवशी दाढीला बसला व्हता. बोलता बोलता त्यानंच सांगितलं." मी विचारले, "अण्णा काय म्हणाले?" तात्या उत्तरले, "काय म्हननार? म्हनला, अर्धा एकर हाय की. खोटं कुठं बोलला?"

बंधुभगिनींनो, यापुढे मला त्या दिवशी दगडावर हात चालविता आला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी मी त्या वस्तऱ्याने दाढी केली. गाल ओढून धरला, वस्तरा साधारण तीस अंशांच्या कोनात ठेवला आणि केसांच्या दिशेने हळूहळू खाली आणला. केस कापले जात असल्याचा बारीक आवाज आला, आणि कातडीला काहीच जाणवले नाही. तात्यांनी गालावरून बोट फिरविले आणि म्हणाले, "आता वस्तरा झाला." मला मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही एवढा आनंद झाला नव्हता. पुढच्या हिवाळ्यात तात्या गेले. त्यांच्या बोटांतले सर्व माझ्याकडे आले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. चौथा हिस्सा आला असेल.

आता माझ्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. तो म्हणाला, "बाबा, आजोबांनी तुम्हांला यातून बाहेर काढलं, आणि तुम्ही पुन्हा तेच घेऊन बसलात." त्याचा राग मला समजतो. जन्मावरून व्यवसाय ठरावा, आणि त्या व्यवसायावरून माणसाची किंमत ठरावी, ही रीत अन्यायाची होती. वडिलांनी माझ्या हाती वस्तरा दिला नाही हे त्यांचे थोर उपकार आहेत, आणि उद्या कोणी आपल्या मुलांना "तुमचे काम हेच" असे म्हणू लागला, तर मी प्रथम त्याच्या विरुद्ध उभा राहीन. परंतु सक्ती टाकणे निराळे आणि विद्येची लाज धरणे निराळे. मी दोन्ही एकत्र टाकून दिली, ही माझी चूक झाली.

ज्यांची पुण्यतिथी आज आपण साजरी करीत आहोत, त्या सेना महाराजांनी आपल्या अभंगात व्यवसायाची हत्यारे लपविली नाहीत; त्यांनाच परमार्थाचा अर्थ दिला. कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या वाटेला उपमा दिली आहे तीही वस्तऱ्याच्या धारेचीच. आणि १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने आपल्या पूर्वजांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला, तेव्हा ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो अन्यायासाठी उचलण्यास नकार दिला. आपल्या पोटावर पाय येईल हे जाणून तो नकार दिला गेला. अशा हातांची लाज कशासाठी धरावयाची?

म्हणून आपणां सर्वांपुढे माझ्या तीन साध्या विनंत्या आहेत. पहिली, घरी गेल्यावर माळा पाहावा. धोकटी असेल तर ती भंगारात देऊ नये. गंज पुसून, तेल लावून, घरात दिसेल अशा ठिकाणी ठेवावी. दुसरी, ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे कोणी वडीलधारे असेल, त्यांनी या वर्षी त्यांच्याजवळ आठ दिवस तरी बसावे. ते काय सांगतात ते वहीत लिहावे, त्यांचे हात चालताना भ्रमणध्वनीवर टिपून ठेवावे. मी वर्षभर उशीर केला असता, तर आज मजजवळ सांगण्यासारखे काहीच नसते. आणि तिसरी विनंती मुलांना. शाळेच्या अर्जात किंवा ओळखीच्या माणसापुढे "वडील काय करतात?" असे कोणी विचारले, तर जे खरे असेल ते सांगावे. उत्तर एका शब्दाचे आहे. मला ते चाळीस वर्षे देता आले नाही. म्हणून आज या व्यासपीठावरून देतो. माझे वडील न्हावी होते, आणि ते आपल्या कामात अत्यंत निष्णात होते.

 भाषणानंतर कोणास पाहावयाचा असल्यास तो वस्तरा आणि तो निळसर दगड मी बरोबर आणला आहे. मुलांनीही यावे. हात लावण्यास मनाई नाही. फक्त पेन्सिल बरोबर आणू नये.

जय संत सेना महाराज!